पोलिसांनी न्यायालयाचे समन्स आणून दिल्यावर काय करावे

फौजदारी न्यायालयाचे समन्स पोहोचवण्याचे काम मुख्यतः पोलीस करतात, आणि बहुतेकांचा गोंधळ तेथूनच सुरू होतो. कागद आणणारा अंमलदार वर्दीत असल्याने बोलावणे पोलीस ठाण्यातून आले आहे असे घरच्यांना वाटते. मग कोणी ठाण्यात ओळखीचा माणूस शोधू लागतो, कोणी ‘ते गावी गेले आहेत’ असे सांगून कागद परत पाठवतो, आणि न्यायालयाने दिलेली तारीख मात्र निघून जाते. वस्तुतः समन्स बजावणारा हवालदार त्या वेळी न्यायालयाचा निरोप तेवढा पोहोचवत असतो. त्याला समन्स रद्द करता येत नाही, तारीख बदलता येत नाही आणि निव्वळ समन्सच्या आधारे तुम्हाला ताब्यातही घेता येत नाही. जे काही मागायचे, सांगायचे किंवा नाकारायचे असेल, ते ज्या न्यायालयाचा शिक्का त्या कागदावर आहे तेथेच मांडावे लागते.

१ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ या कायद्याने घेतली असून समन्सचे स्वरूप आणि बजावणी यांविषयीच्या तरतुदी तिच्या कलम ६३ ते ७१ मध्ये आहेत. त्या तारखेपूर्वी प्रलंबित असलेले खटले जुन्या संहितेनुसारच पुढे चालतात. त्यामुळे २०१९ किंवा २०२१ सालच्या खटल्यातील समन्सवर जुनी कलमे दिसली, म्हणून कागद बनावट ठरत नाही. पुढील विवेचन महाराष्ट्रातील न्यायालये डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. संहिता केंद्राची असल्याने गोव्यातही मुख्य नियम तेच आहेत. कार्यालयीन रिवाज आणि नोंदींची नावे तेवढी वेगळी असतात.

कागद स्वीकारताना

हातोहात बजावायचे समन्स दोन प्रतींत असते. एक प्रत तुमच्याकडे राहते आणि दुसऱ्या प्रतीच्या मागील बाजूस तुमची सही घेऊन अंमलदार ती न्यायालयाकडे परत पाठवतो. ही सही म्हणजे प्रत मिळाल्याची पोच असते. तिच्यामुळे गुन्हा कबूल केला, आरोप मान्य केले किंवा न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वीकारले, असा कोणताही अर्थ निघत नाही. सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी समन्स हातात पडले असेल, तर वकील नेमण्यासाठी मुदत मागताना हीच नोंद उपयोगी पडते. अंमलदाराचे नाव, बक्कल नंबर आणि पोलीस ठाणे टिपून ठेवावे. समन्ससोबत आणखी एखादा कागद सहीसाठी पुढे केला, तर तो पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये आणि कोऱ्या कागदावर तर कधीच करू नये.

तुम्ही घरी सापडला नाहीत, तर तुमच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे समन्स देता येते. जुन्या संहितेत येथे ‘प्रौढ पुरुष’ अशी अट होती, ती आता उरलेली नाही; आई, पत्नी किंवा सून यांनी सही करून घेतलेले समन्सही रीतसर बजावलेले ठरते. त्यामुळे ‘बायकोने घेतले, मला दिलेच नाही’ ही सबब आता फारशी टिकणार नाही, आणि घरात आलेला असा कागद त्याच दिवशी संबंधित व्यक्तीपर्यंत पोहोचवण्याची काळजी घरच्यांनी घ्यायला हवी. घरकाम करणारा नोकर मात्र या व्याख्येत कुटुंबाचा सदस्य नसतो. ज्याच्या नावाचे समन्स आहे तो भाऊ वेगळा राहत असेल किंवा मुलगा दुसऱ्या शहरात स्थायिक झाला असेल, तर तसे अंमलदाराला स्पष्ट सांगावे, माहीत असलेला पत्ता द्यावा आणि ही माहिती अहवालात लिहून घेण्यास सांगावे.

समन्स घेण्यास नकार दिल्याने ते टळत नाही. प्रयत्न करूनही व्यक्ती किंवा कुटुंबीय मिळाले नाहीत, तर अंमलदार एक प्रत घराच्या दर्शनी भागावर चिकटवू शकतो आणि चौकशीअंती न्यायालय ते समन्स बजावले गेले असे जाहीर करू शकते. साक्षीदाराला नोंदणीकृत टपालाने पाठवलेले समन्स त्याने नाकारल्याचा शेरा टपाल कर्मचाऱ्याने मारला, तरीही परिणाम तोच होतो. शिवाय समन्स टाळण्यासाठी पळून जाणे हा भारतीय न्याय संहितेच्या (भारतीय दंड संहितेची जागा घेतलेल्या कायद्याच्या) कलम २०६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मूळ प्रकरण किरकोळ असताना टाळाटाळीने ते अंगाशी आल्याची उदाहरणे तालुक्याच्या कोणत्याही न्यायालयात पाहायला मिळतात.

सरकारी कर्मचाऱ्याचे समन्स न्यायालय सामान्यतः त्याच्या कार्यालयप्रमुखाकडे पाठवते. संस्था, कंपनी किंवा भागीदारी पेढीच्या नावाचे समन्स आले, तर ते कोणाकडे दिले गेले याची नोंद ठेवून जबाबदार पदाधिकाऱ्याने तातडीने पुढील हालचाल करावी.

कागद नीट वाचणे

समन्स हाती आल्यावर सर्वप्रथम एकच गोष्ट शोधावी: तुम्हाला कोणत्या नात्याने बोलावले आहे? आरोपी म्हणून, साक्षीदार म्हणून, की एखादा दस्तऐवज हजर करण्यासाठी? पुढचे जवळजवळ सर्व निर्णय या एका उत्तरावर अवलंबून असतात, आणि आश्चर्य म्हणजे घाबरलेली माणसे नेमकी हीच ओळ वाचायची विसरतात. पाच-सात वर्षांपूर्वी रस्त्यावरील अपघाताच्या किंवा चोरीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही केलेला माणूस समन्स पाहून ‘माझ्यावर केस झाली’ असे समजून जामिनाची चौकशी करू लागतो. प्रत्यक्षात त्याला केवळ साक्षीला बोलावलेले असते.

त्यानंतर न्यायालयाचे पूर्ण नाव पाहावे. ‘न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग’ एवढे पुरेसे नसते, कारण एकाच इमारतीत अशी अनेक न्यायालये असतात. ‘तिसरे सह दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग’ असा संपूर्ण उल्लेख टिपून घ्यावा. खटल्याच्या क्रमांकातील अक्षरेही बोलकी असतात. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, आर.सी.एस. किंवा रे.मु.नं. असे असेल तर तो दिवाणी दावा आहे. कायद्याचे नाव व कलम, फिर्यादीचे नाव, हजर राहण्याची तारीख व वेळ, न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाची मोहर या गोष्टी कागदावर असायला हव्यात. खासगी लेखी फिर्यादीवरून आरोपीला काढलेल्या समन्ससोबत फिर्यादीची प्रतही जोडलेली असली पाहिजे. ती नसेल, तर पहिल्या तारखेला मागून घ्यावी.

पोलिसांमार्फत येणारा प्रत्येक कागद समन्स नसतो, हेही लक्षात ठेवावे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस ही तपास अधिकाऱ्याची असते आणि संशयित व्यक्तीला चौकशीसाठी बोलावते. कलम १७९ ची नोटीस तपासादरम्यान माहिती असलेल्या व्यक्तीला बोलावण्यासाठी असते. या दोन्ही ठिकाणी जायचे असते ते तपास अधिकाऱ्यासमोर, न्यायालयात नव्हे. कलम १७९ खाली महिला, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही. न्यायालयाच्या समन्सला मात्र ही सवलत आपोआप लागू होत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील नोटीस आली असेल, तर तुम्ही ‘प्रतिवादी’ असता, आरोपी नसता. फौजदारी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी म्हणणे ऐकण्यासाठी नव्या संहितेच्या कलम २२३ खाली न्यायालयाने पाठवलेली नोटीसही असू शकते. त्या टप्प्यावर खटला सुरू झालेला नसतो, पण म्हणणे मांडण्याची ती मोलाची संधी असते. ई-चलनाबाबत लोकअदालतीच्या नोटिसाही पोलीसच वाटतात आणि त्यांनाही लोक सर्रास समन्स म्हणतात.

दिवाणी दाव्याचे समन्स बहुधा न्यायालयाचा बेलिफ आणतो. ते हाती आल्यास घाई अधिक करावी लागते, कारण बजावणीपासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते आणि सामान्य दाव्यात न्यायालयाच्या परवानगीने ही मुदत ९० दिवसांपर्यंतच वाढू शकते.

खरेपणाची खात्री

नव्या संहितेनुसार न्यायालयाच्या मोहरेची प्रतिमा किंवा डिजिटल सही असलेले समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. त्यामुळे मोबाइलवर आलेला संदेश केवळ मोबाइलवर आला म्हणून खोटा मानता येत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीचा फायदा भामटे घेतात. फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे: खरे न्यायालय समन्ससोबत कोणत्याही खात्यात पैसे भरायला सांगत नाही, दूरध्वनी चालू ठेवून घरात बसायला लावत नाही आणि ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. अशी मागणी झाली तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. तपास अधिकाऱ्याची कलम ३५(३) ची नोटीस व्हॉट्सअॅपसारख्या माध्यमातून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तो नियम पोलिसांच्या त्या नोटिशीपुरता आहे, न्यायालयाच्या समन्सशी त्याची गल्लत करू नये.

पडताळणीचा भक्कम मार्ग म्हणजे ई-कोर्ट्स सेवेचे संकेतस्थळ किंवा तिचे मोबाइल अॅप. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून खटल्याचा क्रमांक, पक्षकाराचे नाव किंवा प्रथम खबरीचा (एफ.आय.आर.) क्रमांक टाकला की प्रकरणाची स्थिती दिसते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातील प्रकरणांत त्याची सुरुवात एम.एच. या अक्षरांनी होते. तो एकदा लिहून ठेवला की पुढच्या सर्व तारखा त्याच क्रमांकाने पाहता येतात. नोंद सापडली नाही, तर समन्सची प्रत घेऊन त्या न्यायालयाच्या फौजदारी विभागातील लिपिकाकडे चौकशी करावी. समन्सवरील दूरध्वनी क्रमांकावरच फोन करून खात्री करण्यात अर्थ नसतो. भामटा तेथेच उत्तर द्यायला बसलेला असतो.

आरोपी म्हणून बोलावले असेल तर

वकिलाशी बोलणे ही पहिली पायरी. तारखेच्या निदान काही दिवस आधी भेट घ्यावी आणि समन्स, सोबतची फिर्याद, पूर्वी पोलिसांकडून आलेल्या नोटिसा, संबंधित करार, पावत्या, संदेश अशी सर्व कागदपत्रे तारीखवार लावून न्यावीत. वकिलापासून काहीही लपवू नये, विशेषतः तुमच्या विरोधात जाणारी गोष्ट. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी शुल्क किती, ते कोणत्या टप्प्यांवर द्यायचे आणि प्रत्येक तारखेला कोण उभे राहणार, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली मोफत वकील मिळतो. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. जेथे लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तेथे फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ वकील उपलब्ध असतात. मोफत म्हणजे दुय्यम, हा समज सोडून द्यावा.

पहिल्या तारखेला जामिनाची तयारी ठेवून जाणे इष्ट. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो त्याच दिवशी मिळतो, मात्र जामीनदार किंवा रक्कम तयार हवी. जामीनदाराची मूळ ओळखपत्रे, छायाचित्रे, शिधापत्रिका आणि ऐपत दाखवणारा पुरावा, म्हणजे घरपट्टीची पावती, सात-बारा उतारा, पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला, सोबत असावा. कोणते न्यायालय नेमके काय मागते यात फरक असतो, म्हणून वकिलाला आधी विचारावे. न्यायालय कधी केवळ जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडते, कधी रोख जामीन स्वीकारते. दिवसाला ठराविक पैसे घेऊन उभे राहणारे धंदेवाईक जामीनदार न्यायालयाच्या आवारात भेटतात. त्यांच्या कागदपत्रांत खोट निघाल्यास ती तुमच्या गळ्यात पडते, तेव्हा नात्यातला किंवा ओळखीचा माणूसच न्यावा.

गुन्हा अजामीनपात्र असेल, तर समन्स मिळाल्याबरोबर वकिलाचा सल्ला घेण्याला पर्याय नाही. तरीही घाबरून फरार होण्यासारखी स्थिती बहुधा नसते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मधील सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सांगितले आहे की, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या सर्वसाधारण गुन्ह्यांत, ज्याला तपासादरम्यान अटक झाली नाही आणि ज्याने तपासाला सहकार्य केले, त्याला दोषारोपपत्रानंतर (चार्जशीटनंतर) आधी समन्स काढावे, वकिलामार्फत हजर राहण्याची मुभा द्यावी आणि त्याचा जामीन अर्ज त्याला कोठडीत न घेता निकाली काढता येतो. या निवाड्याचा आधार घेऊन अर्ज आधीच तयार ठेवता येतो.

पोलीस दोषारोपपत्रावरील खटल्यात प्रथम खबर, जबाब, पंचनामे आणि इतर कागदपत्रांच्या प्रती विनामूल्य मिळणे हा आरोपीचा हक्क आहे. नव्या संहितेच्या कलम २३० नुसार त्या हजेरीपासून १४ दिवसांच्या आत द्यायच्या असतात. प्रती मिळाल्या की पाने मोजावीत, अस्पष्ट किंवा गहाळ पाने लेखी अर्जाने मागावीत आणि मगच प्रती मिळाल्याच्या पोचपावतीवर सही करावी.

किरकोळ खटल्यांत न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. येथे फार सावध राहावे. ‘दंड भरून मोकळे व्हा’ हा सल्ला आवारात फुकट मिळतो आणि कधी तो योग्यही असतो, पण कबुली देऊन भरलेला दंड ही दोषसिद्धी असते. सरकारी नोकरीतील चारित्र्य पडताळणी, शस्त्र परवाना किंवा परदेशी व्हिसाच्या अर्जात ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का’ या प्रश्नाला मग ‘होय’ असे उत्तर द्यावे लागते. मला विचाराल तर वकिलाशी बोलल्याशिवाय कोणतीही कबुली देऊ नये, दंड पाचशे रुपयांचा असला तरी.

चेक न वटल्याच्या, म्हणजे पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ च्या प्रकरणांत थोडे वेगळे धोरण ठेवावे लागते. चेकवरील सही मान्य असेल तर चेक कायदेशीर देण्यापोटी दिला होता, असे कायदा गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याचे ओझे आरोपीवर येते. आरोप नाकारल्यावर न्यायालय कलम १४३-अ खाली चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश देऊ शकते. देणे खरोखर असेल तर पहिल्या एक-दोन तारखांतच तडजोडीची बोलणी करणे फायद्याचे असते. जितका उशीर, तितका खर्च वाढतो. देणे नसेल, तर चेक तारणापोटी दिल्याचे, रक्कम फेडल्याचे किंवा चेक हरवल्याची वेळीच तक्रार केल्याचे पुरावे पहिल्या दिवसापासून गोळा करावेत.

‘मी निर्दोष आहे, तर समन्स रद्द करा’ असा अर्ज त्याच दंडाधिकाऱ्यांसमोर करून उपयोग होत नाही. एकदा काढलेला प्रोसेसचा, म्हणजे आरोपीला समन्स काढण्याचा, आदेश दंडाधिकारी स्वतः मागे घेऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली अदालत प्रसाद प्रकरणात ठरवून दिले आहे. त्यासाठी आदेशापासून ९० दिवसांच्या आत सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो आदेश तपासून पाहण्याची विनंती, करावा लागतो किंवा उच्च न्यायालयात दाद मागावी लागते. वरच्या न्यायालयाने स्थगिती दिल्याचा आदेश हाती येईपर्यंत खालच्या न्यायालयातील तारखा चुकवून चालत नाहीत. नुसता अर्ज दाखल केल्याने त्या थांबत नाहीत.

साक्षीदार म्हणून बोलावले असेल तर

साक्षीदाराला स्वतःचा वकील लावावा लागत नाही. पोलीस खटल्यात सरकारी अभियोक्ता त्याची साक्ष नोंदवून घेतात. न्यायालयात गेल्यावर त्या पोलीस ठाण्याच्या पैरवी अंमलदाराला, म्हणजे ठाण्याचे न्यायालयातील काम पाहणाऱ्या पोलिसाला, भेटावे. तोच तुम्हाला सरकारी वकिलांपर्यंत नेतो. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतलेली नसते आणि अनेकदा त्यातील मजकूर साक्षीदाराने कधी वाचलेलाही नसतो. म्हणून साक्षीपूर्वी तो जबाब वाचायला मागावा. घटना तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर तपशील आठवण्यासाठी त्याची मदत होते. त्यात तुम्ही न सांगितलेली गोष्ट लिहिलेली असेल, तर ती खरी आहे असे शपथेवर सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. आधीच सरकारी वकिलांच्या निदर्शनास ती बाब आणून द्यावी.

पंचांची अडचण वेगळी असते. पंचनाम्यावर सही केली, पण त्या वेळी नेमके काय जप्त झाले, पाकिटावर लाखेचा शिक्का होता का, जागेवर कोण कोण होते, हे वर्षांनंतर आठवत नाही. अशा वेळी पंचनामा पाहून आपली सही ओळखावी, आठवते तेवढे सांगावे आणि जे आठवत नाही ते आठवत नाही असेच सांगावे. पाठ करून आलेला पंच उलटतपासात दोन प्रश्नांत उघडा पडतो.

साक्ष देताना प्रश्न पूर्ण ऐकावा, कळला नाही तर पुन्हा विचारण्यास सांगावे आणि विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, तेव्हा इंग्रजी येत नाही याचा संकोच नको. उलटतपासात आवाज चढला तरी वाद घालू नये. टंकलिखित साक्ष सही करण्यापूर्वी वाचावी किंवा वाचून घ्यावी. चुकीचा शब्द पडला असेल तर तेथल्या तेथे न्यायाधीशांना सांगावे. शपथेवर जाणूनबुजून खोटी साक्ष देणे हा सात वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे, हे कोणी ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणत भेटायला आले की आठवावे. धमकी मिळाली तर लेखी तक्रार करावी आणि साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली संरक्षणासाठी अर्ज करावा. सरकारी वकील त्यात मदत करतात.

साक्षीदाराला नियमांनुसार प्रवास व भोजन भत्ता मिळण्याची तरतूद आहे. तो मागावा लागतो, आपणहून कोणी देत नाही. नोकरदारांनी त्याच दिवशी न्यायालयाकडून हजेरीचा दाखला घ्यावा, म्हणजे रजेचा प्रश्न उद्भवत नाही.

केवळ दस्तऐवज हजर करण्याचे समन्स असेल, तर तो दस्तऐवज दुसऱ्याकरवी पाठवला तरी कायद्याच्या दृष्टीने पुरेसे होते. मूळ कागद देण्यापूर्वी छायाप्रत ठेवावी आणि न्यायालयाची पोच घ्यावी.

तारखेला जाणे शक्य नसेल तर

आजारपण, परीक्षा, प्रसूती, घरातील मृत्यू किंवा दूरचा प्रवास ही कारणे न्यायालये ऐकून घेतात, मात्र ती तारखेपूर्वी किंवा निदान त्याच दिवशी पुकारा होण्याआधी अर्जाच्या स्वरूपात आणि पुराव्यासह पोहोचली पाहिजेत. आरोपीसाठी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो. समन्स काढतानाच प्रत्यक्ष हजेरीतून सूट देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२८ ने दिला आहे. खटला सुरू असताना कलम ३५५ लागू होते. वयोवृद्ध, दिव्यांग किंवा परगावी राहणाऱ्या आरोपीने कायमस्वरूपी सूट मागावी, प्रत्येक तारखेला नवा अर्ज देत बसू नये. साक्षीदाराने न्यायालयाच्या नावे अर्ज लिहून खटला क्रमांक, कारण आणि सोयीची तारीख कळवावी व त्याची पोच ठेवावी. परदेशात असलेल्यांनी किंवा प्रवास करू न शकणाऱ्यांनी दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची विनंती करावी. नवी संहिता त्यास वाव देते, परवानगी मात्र न्यायालयाची लागते. समन्स आणणाऱ्या हवालदाराला फोनवर ‘मी येऊ शकत नाही’ असे सांगणे म्हणजे न्यायालयाला कळवणे नव्हे.

तारीख चुकली तर

समन्स बजावले जाऊनही हजर न राहिल्यास नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९० खाली न्यायालय वॉरंट काढू शकते. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि तरीही न आल्यास अजामीनपात्र वॉरंट, हा क्रम सामान्यतः पाळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात म्हटले आहे. परंतु न्यायालयाला थेट पुढची पायरी गाठण्याचा अधिकार आहे. त्यापुढे फरार घोषित करणे आणि मालमत्ता जप्त करणे या कारवाया येतात. साक्षीदारालाही यातून सूट नाही. त्याच्यावर वॉरंट निघू शकते, शिवाय कारणे दाखवा नोटीस देऊन पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. समन्सचा अवमान करून हेतुपुरस्सर गैरहजर राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली सहा महिन्यांपर्यंत साध्या कारावासाचा किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंडाचा, किंवा दोन्हींचा, गुन्हा आहे.

चूक लक्षात आली की पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ई-कोर्ट्सवर प्रकरणाची स्थिती पाहून वकिलासह न्यायालयात स्वतः हजर व्हावे आणि गैरहजेरीचे कारण देऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करावा. वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा न्यायालय ते रद्द करीपर्यंत जिवंत राहते, ते आपोआप शिळे होत नाही. आपणहून आलेल्या माणसाकडे आणि पोलिसांनी पकडून आणलेल्या माणसाकडे पाहण्याची न्यायालयाची दृष्टी वेगळी असते. किरकोळ प्रकरणांत थोडा दंड घेऊन वॉरंट रद्द होते. रद्द झाल्याच्या आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात नेऊन द्यावी, नाहीतर जुन्याच वॉरंटवर कोणी दारात येऊन उभा राहतो.

न्यायालयातील दिवस

कामकाज साधारण साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होते. त्याच्या अर्धा तास आधी पोहोचून बाहेर लावलेल्या बोर्डावर आपल्या खटल्याचा अनुक्रमांक पाहावा. न्यायाधीश रजेवर असल्यास किंवा न्यायालय बदलले असल्यास प्रकरण कोठे गेले, हे बेंच क्लार्क सांगतो. पुकारा ऐकू येईल अशा अंतरावर थांबावे; चहाला गेलेल्या माणसाची गैरहजेरी लागते. मोबाइल बंद ठेवावा, परवानगीशिवाय चित्रण करू नये. समन्सची प्रत आणि मूळ ओळखपत्र जवळ असावे.

निघण्यापूर्वी पुढची तारीख आणि ती कशासाठी ठेवली आहे, हे लिहून घ्यावे आणि संध्याकाळी ई-कोर्ट्सवरील नोंदीशी ताडून पाहावे. पुढच्या तारखांसाठी नवे समन्स येईलच असे नाही. एकदा हजर झालेल्या आरोपीने आणि तारीख तोंडी बांधून दिलेल्या साक्षीदाराने स्वतःच लक्ष ठेवायचे असते. खटला चालू असताना घर बदलले, तर नवा पत्ता व दूरध्वनी क्रमांक न्यायालयाला लेखी कळवावा, कारण पुढची प्रत्येक बजावणी नोंदीतल्या पत्त्यावरच होणार असते.